ग्लास कॅटफिश घरी पाळताना

ग्लास कॅटफिश हा थायलंडमधील नद्यांत थव्याने राहणारा लहानसा मासा आहे. त्याच्या अंगाला खवले नसतात आणि रंगद्रव्यही जवळजवळ नसते, त्यामुळे पाठीचा कणा, बारीक काटे आणि डोक्यामागे चंदेरी आवरणात एकवटलेले पोटातील अवयव बाहेरून स्पष्ट दिसतात. आरपार प्रकाश गेला की अंगावर इंद्रधनुष्यी छटा सरकतात. त्या स्नायूंतील तंतूंच्या नियमित रचनेतून प्रकाशाचे विवर्तन (वाकून पसरणे) झाल्यामुळे उमटतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. अनेक दशके हा मासा क्रिप्टोप्टेरस बायसिरिस या नावाने विकला जात होता, पण २०१३ मध्ये त्याचे क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस या स्वतंत्र जातीत वर्णन झाले. हा फरक केवळ नावापुरता नाही. बायसिरिस सुमारे १५ सेंमीपर्यंत वाढतो, तर आपल्या टाकीत येणारा हा मासा साडेसहा सेंमीच्या आसपास थांबतो. म्हणून जुन्या पुस्तकांतील आकार पाहून कोणी बिचकू नये.

स्वभावाने हा मासा कमालीचा शांत आहे आणि तितकाच भित्रा. एकटा किंवा जोडीने ठेवलेला मासा कोपरा धरतो, खाणे सोडतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत मरतो. दुकानदार 'दोन घेऊन पाहा' असे सुचवतो, तो सल्ला येथे मानू नये. किमान सहा आणि शक्य असल्यास आठ ते दहा मासे एकत्र घ्यावेत. मगच ते पाण्याच्या मध्यभागी, शेपटी किंचित खाली ठेवून, सारे एकाच दिशेला तोंड करून तरंगताना दिसतात. पुरेसे पैसे एकदम जमत नसतील तर टाकी रिकामी ठेवून वाट पाहिलेली बरी.

अशा थव्यासाठी टाकीची लांबी निदान ९० सेंमी असावी. ९० सेंमी लांब, ३५ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच टाकीत काठोकाठ १२६ लिटर पाणी मावते, म्हणजे काच आणि रेती धरून वजन दीडशे किलोच्या घरात जाते. तेव्हा ती टीव्हीच्या टेबलावर न ठेवता भक्कम स्टँडवरच ठेवावी. मागच्या बाजूला वॅलिस्नेरियासारखी उंच वनस्पती दाट लावावी, क्रिप्टोकोरिन आणि लाकडाला बांधलेले जावा फर्न मध्ये ठेवावे, आणि पृष्ठभागावर थोडी तरंगती वनस्पती सोडून दिव्याचा प्रकाश मंद करावा. पुढचा मधला भाग मात्र मोकळा राहू द्यावा, कारण थवा तेथेच उभा राहतो. फिल्टरचा प्रवाह सौम्य असावा, पण पाणी अगदी साचलेलेही नसावे. अंधाऱ्या खोलीत एकदम दिवा लावला की हे मासे उसळून काचेवर आदळतात, म्हणून टाकीचा दिवा लावण्यापूर्वी खोलीतला दिवा काही वेळ आधी लावावा.

पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात गावागणिक परिस्थिती बदलते. मुंबई आणि पुण्याला धरणांतून येणारे पाणी साधारणपणे मृदू असते, त्यामुळे क्लोरीन काढला की ते चालते. बोअरचे पाणी मात्र बहुधा दुष्फेन असते आणि त्यात आरओचे पाणी मिसळून घ्यावे लागते. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात क्षारच नसल्यामुळे त्याचा सामू (पीएच) अचानक घसरू शकतो. सामू ६.५ ते ७ आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस राहिले की पुरे. देशी बदामाची झाडावरून गळून वाळलेली पाने धुऊन टाकीत टाकल्यास पाणी चहासारखे तांबूस होते आणि किंचित आम्लधर्मी बनते. या माशाला ते मानवते, आणि ही पाने आपल्याकडे बागेत फुकट मिळतात, तरी ती रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेली नसावीत. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांवर जाते, तेव्हा झाकण उघडून जाळी बसवावी आणि छोटा पंखा पृष्ठभागावर वाहता ठेवावा. बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा.

टाकी भरली की लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ग्लास कॅटफिश नव्या टाकीत पहिला मासा म्हणून कधीच सोडू नये. चाचणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावर, आधी काही कणखर मासे राहून गेलेल्या टाकीतच तो आणावा. घरी आणल्यावर पिशवीतले पाणी बादलीत ओतून एअर पंपाच्या नळीने टाकीचे पाणी थेंबथेंब तासभर मिसळावे, आणि मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत.

सोबतीला हार्लेक्विन रास्बोरा, लहान टेट्रा, कोरिडोरास, कुहली लोच आणि हनी गोरामी उत्तम. शेवटचा तर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आपलाच मासा. टायगर बार्ब शेपट्या कुरतडतो आणि एंजल मोठा झाला की लहान माशांना गिळतो, म्हणून दोघांनाही दूर ठेवावे. दुकानात अंगात निळे-गुलाबी रंग असलेले पारदर्शक मासे दिसले तर ते मुळीच घेऊ नयेत. ते ग्लास कॅटफिश नसून बहुधा आपल्याच नद्यांतले परांबॅसिस रंगा असतात. त्यांच्या अंगात सुईने रंग टोचलेला असतो, तो काही महिन्यांत फिका पडतो आणि जखमांतून रोग शिरतो.

खाण्याच्या बाबतीत हे मासे तळाशी पडलेले अन्न सहसा उचलत नाहीत. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), डॅफ्निया आणि आर्टेमिया (पाण्यातले बारीक जीव) दिवसातून दोनदा, प्रवाहात सोडून, पाचएक मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. कोरडे बारीक दाणे हळूहळू बुडणारे निवडावेत. बाजारातील जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) गटारातून येण्याची शक्यता असल्यामुळे तो टाळलेलाच बरा.

माशाचे अंग दुधासारखे पांढरे दिसू लागले तर अमोनिया आणि तापमान प्रथम तपासावे, कारण हे आजाराचे किंवा मोठ्या ताणाचे लक्षण असते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आल्यास औषधाची मात्रा बाटलीवरच्या निम्मी घ्यावी आणि तांबे असलेले औषध वापरू नये. खवले नसल्यामुळे हे रसायन त्याला लगेच बाधते. आठवड्याला टाकीतले पाव पाणी काढून त्याच तापमानाचे, क्लोरीन काढलेले पाणी भरावे, आणि स्पंज फिल्टर धुवायचा झाल्यास तो नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या बादलीतल्या पाण्यातच पिळावा.