विंडोज 10 फास्ट की 11? आपल्याच लॅपटॉपवर मोजून बघायची पद्धत

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून घरात, ओळखीत जो तो मला एकच विचारतो, 11 टाकलं तर लॅपटॉप स्लो होईल का रे. मी तोंड उघडायच्या आत बाजूचा कोणीतरी छातीठोकपणे सांगतो की माझा तर एकदम सुसाट चालतो, फक्त त्याने मधल्या काळात लॅपटॉपच नवा घेतलाय हे तेवढं सांगायचं राहतं. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही हेच केलंय बरं का, 11 चे पीसी 10 च्या पीसीपेक्षा 2.3 पटीपर्यंत फास्ट असा दावा केला, आणि खालची बारीक अक्षरं वाचली तर 10 वाले पीसी इंटेलच्या सहाव्या, आठव्या, दहाव्या पिढीचे आणि 11 वाले बाराव्या-तेराव्या पिढीचे. म्हणजे पळाला प्रोसेसर आणि हार घातला विंडोजला.

म्हणून मशीन एकच पाहिजे, तीच रॅम, तीच एसएसडी, बदलायचं ते फक्त विंडोज. आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नंतर शोधत बसाल. मग दोन पर्याय आहेत, एक तर पार्टिशन करून दोन्ही विंडोज शेजारी शेजारी टाकायच्या, नाहीतर आधी 10 वर सगळं मोजून घ्यायचं आणि मग 11 टाकून परत तेच मोजायचं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पार्टिशनवाल्या पद्धतीत एक गोम आहे. डिस्कचा सुरुवातीचा भाग बाहेरच्या कडेला असतो आणि तिथे वाचायचा स्पीड जास्त मिळतो, शेवटचा भाग आत असतो आणि तिथे कमी. जी विंडोज दुसऱ्या पार्टिशनवर जाईल ती बिचारी आधीच मागे. एसएसडीला ही भानगड नाही, पण ती गच्च भरलेली नको.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. पाच वर्षं वापरलेली, पंचवीस प्रोग्रॅम स्टार्टअपला बसलेली 10 आणि काल टाकलेली कोरी 11 अशी तुलना करून काय उपयोग? कोरी विंडोज कुठलीही असो, पळतेच, नव्याचे नऊ दिवस. एक तर दोन्ही कोऱ्या टाका नाहीतर दोन्हीत तेच प्रोग्रॅम, तोच अँटीव्हायरस टाका. आणि टाकल्या टाकल्या लगेच मोजायला बसू नका, पहिला एक दिवस मागे अपडेट उतरत असतात, सर्चचं इंडेक्सिंग चालू असतं, विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर फाइली तपासत असतो. चार्जर लावून रात्रभर तसंच चालू ठेवा, स्लीपमध्ये जाऊ देऊ नका.

ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअरं, पण बघा. ऑक्टोबर 2021 मध्ये 11 आली तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर एल3 कॅशेचा (प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा) घोळ होता, काही गेम 10 ते 15 टक्क्यांपर्यंत मंदावू शकतात असं एएमडीनेच सांगितलं होतं, मग त्याच महिन्यात अपडेट आणि नवा चिपसेट ड्रायव्हर आला आणि ते मिटलं. पण त्या पहिल्या आठवड्यात कोणी टेस्ट केली असेल तर त्याच्या डोक्यात 11 म्हणजे स्लो हे आजही पक्कं बसलेलं असणार.

बूट टाइम मोजताना मी स्वतः तोंडघशी पडलोय. विंडोज 7 आणि 10 ची तुलना करत होतो, शटडाऊन करायचो, बटन दाबायचो, घड्याळ लावायचो आणि 10 जिंकली म्हणून खूश. नंतर कळलं की विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, शटडाऊन केलं तरी कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतात आणि चालू करताना ती परत उचलतात. म्हणजे 7 झोपेतून उठून आंघोळ करून निघत होती आणि 10 कपडे घालूनच झोपली होती. त्यामुळे कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा सरळ रीस्टार्ट करून मोजा, रीस्टार्टला सगळं नव्याने सुरू होतं.

डेस्कटॉप दिसला की घड्याळ थांबवायचं नाही. रोज जो प्रोग्रॅम वापरता तो उघडून त्यात टाइप करता येईपर्यंत मोजा. मी मोबाइलवर व्हिडिओ काढतो आणि नंतर सावकाश मागेपुढे करून वेळ बघतो, बोटाने स्टॉपवॉच दाबण्यापेक्षा कितीतरी बरं. विंडोजची स्वतःची नोंदही असते, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल, तिथे 100 नंबरची नोंद म्हणजे बूटला लागलेला वेळ, मिलीसेकंदात.

कॉपी-पेस्टचं तर वेगळंच आहे. 2007 मध्ये विंडोज विस्टा आली तेव्हा फाइल कॉपी करायला आधीच्या विंडोज एक्सपीपेक्षा जास्त वेळ लावते म्हणून लोकांनी किती शिव्या घातल्या. त्यातली एक गंमत अशी की एक्सपी डेटा कॅशेत, म्हणजे तात्पुरता रॅममध्ये, टाकून झालं म्हणायची आणि खिडकी बंद करायची, डिस्कवर लिहिणं मागे चालूच असायचं, विस्टा मात्र मोठ्या फाइलींना कॅशे न वापरता थेट लिहायची आणि संपेपर्यंत खिडकी उघडी ठेवायची. नंतरच्या सर्व्हिस पॅक 1 या मोठ्या अपडेटमध्ये ते बरंचसं परत जुन्या वळणावर आणलं. म्हणून कॉपीची खिडकी गेली म्हणजे काम झालं असं समजू नका, रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कची हालचाल शांत होईपर्यंत मोजा.

रॅमचा आकडा बघून घाबरायचं नाही. एक्सपी 64 एमबीत चालायची आणि 11 ला कमीत कमी 4 जीबी लागते हे खरंय, पण विस्टापासून विंडोज मोकळ्या रॅममध्ये नेहमीच्या फाइली आधीच आणून ठेवते, रिकामी रॅम तशीही काही कामाची नसते. त्यापेक्षा रोज उघडता तेवढे टॅब आणि एक्सेल उघडा आणि रिसोर्स मॉनिटरच्या मेमरीत हार्ड फॉल्ट (हवं ते रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून आणावं लागणं) किती होतात ते बघा, ते सतत चढे राहिले तर रॅम पुरत नाहीये.

कामाची टेस्ट तुमच्या कामाचीच घ्या. टॅलीचा वर्षभराचा डेटा, एक्सेलची जडशीळ फाइल, फोटोंचा एक्सपोर्ट, जे असेल ते. नुसता प्रोसेसर बघायचा तर 7-झिप या फाइली दाबून लहान करायच्या प्रोग्रॅममध्येच बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, असतो, फुकट. पण दोन्हीकडे व्हर्जन एकच हवं. विंडोज 7 वर क्रोम 109 च्या पुढे जातच नाही, त्यामुळे 7 आणि 11 वर आपापलं क्रोम घेऊन ब्राउझर टेस्ट केली तर तुम्ही क्रोमची तुलना करताय, विंडोजची नाही.

अजून एक लपलेली गोष्ट म्हणजे मेमरी इंटिग्रिटी, घातक कोडला विंडोजच्या गाभ्यात घुसू न देणारी सुरक्षा. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, तिथे कोअर आयसोलेशनमध्ये सापडेल. कोऱ्या 11 मध्ये बऱ्याच मशीनवर ती आपोआप चालू असते, 10 वरून अपग्रेड केली तर नसूही शकते, आणि चालू असली की गेममध्ये थोडा स्पीड खाते. दोन्हीकडे चालू तरी ठेवा नाहीतर दोन्हीकडे बंद.

पॉवर मोड दोन्हीकडे सारखा, चार्जर लावलेला. आणि मे महिन्यात नागपूरला दुपारी दोन वाजता विंडोज 10 आणि रात्री विंडोज 11 असं मोजलंत तर जिंकणार रात्रच, लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

प्रत्येक टेस्ट पाच वेळा करा आणि आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. समजा 10 वर 22, 22, 23, 24, 31 सेकंद आले आणि 11 वर 21, 22, 24, 24, 25, तर मधले 23 आणि 24. एकाच विंडोजचे आकडे आपापसात याहून जास्त इकडेतिकडे होतायत, मग या एका सेकंदावरून भांडायचं नाही, बरोबरी म्हणायचं आणि सपोर्ट चालू आहे ती ठेवायची. 23 चे थेट 35 झाले तर मात्र स्टार्टअपची यादी आणि ड्रायव्हर परत तपासा. सगळं झाल्यावर टेस्टसाठी बंद केलेली मेमरी इंटिग्रिटी आठवणीने परत चालू करा.