मानसशास्त्रज्ञाशी ऑनलाइन सेशन: आधी काय पाहावं, काय सांगावं, कधी बदलावं

ऑनलाइन थेरपी फसते ती बऱ्याचदा नेटवर्कमुळे नाही, दारामुळे. पलीकडच्या खोलीत सासूबाई टीव्ही बघत असताना ‘मला या घरात राहावंसं वाटत नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. मग पाऊण तास झोप आणि ऑफिस यावरच बोलणं होतं, पैसे जातात आणि थेरपीचा काही उपयोग नाही असं वाटू लागतं. म्हणून जागेची सोय आधी, अपॉइंटमेंट नंतर.

1. जागा ठरवा

दर आठवड्याला तासभर बंद राहील असं एक दार शोधा. घरी जमत नसेल तर पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी, मैत्रिणीची खोली किंवा सोसायटीची गच्ची चालेल. गाडी चालवताना सेशन घेऊ नका. घरातच बोलायचं असेल तर रेडिओ किंवा टेबलफॅन दाराबाहेर लावा. आत लावला तर माइक तोच आवाज उचलतो. इअरफोन हवेतच, कारण मग निदान समोरच्याचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही.

अचानक कुणी आत आलं तर काय करायचं, हे पहिल्याच सेशनमध्ये ठरवून ठेवा. ‘ती फाइल उद्या पाठवते’ असं काहीतरी साधं वाक्य पुरतं. ते ऐकलं की समोरच्या व्यक्तीने विषय बदलायचा. फोन घरात हातोहात फिरत असेल तर लॉक स्क्रीनवर दिसणारे मेसेज बंद करा, आणि बँकेचे एसएमएस कुणाच्या नंबरवर जातात तेही बघा. यूपीआयने भरलेली फी तिथेच दिसते.

2. माणूस नीट निवडा

औषधं लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. तो डॉक्टर असतो. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतो, गोळ्या देत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे जाऊ नका. एम.ए. करून समुपदेशन करणाऱ्यांकडे ही नोंदणी सहसा नसते. त्यातही उत्तम काम करणारे आहेत. त्यांना शिक्षण कुठे झालं, तुमच्यासारख्या तक्रारींवर किती काम केलंय आणि ते कुणाच्या देखरेखीखाली काम करतात, हे विचारा. आठवड्याच्या कोर्सवर ‘माइंड कोच’ झालेल्यांपासून लांब राहा.

फी, सेशनची लांबी (बहुधा 45 ते 60 मिनिटं), रद्द करायचं तर किती तास आधी कळवायचं आणि कॉल तुटला तर कुणी कुणाला लावायचा, हे लेखी घ्या. विम्याच्या भरवशावर राहू नका. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं असं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, पण पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरलेला नसेल तर सेशनची फी सहसा खिशातूनच जाते.

परदेशात राहून मराठीत बोलायला मिळावं म्हणून पुण्या-मुंबईतला मानसशास्त्रज्ञ गाठणार असाल, तर तुमच्या देशात ते चालतं का हे आधी विचारा. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे इथले काही जण तिथले क्लायंट घेत नाहीत. शिवाय घड्याळ बदलतं: भारतात संध्याकाळचे 7:30 म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे 10, हिवाळ्यात 9. नोव्हेंबर आणि मार्चमधली सेशनं यातच चुकतात.

3. पहिलं सेशन

फोन पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा, उजेड समोरून घ्या आणि स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट बंद करा. नाहीतर अर्धं लक्ष आपल्याच केसांकडे जातं.

तुमचा सध्याचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर विचारला जाईल. तो द्या. संकटात स्क्रीनपलीकडच्या माणसाला मदत पाठवायची झाली तर तेवढाच धागा असतो. जीव द्यावासा वाटतो का, हेही थेट विचारतात. खरं सांगा. बोललेलं गोपनीय राहतं. जिवाला धोका, लहान मुलाचं लैंगिक शोषण किंवा न्यायालयाचा आदेश असेल तेव्हा मात्र अपवाद होतो.

तक्रार सांगताना ‘टेन्शन येतं’ यावर थांबू नका. ‘तीन महिन्यांपासून रविवारी संध्याकाळी छातीत धडधडतं, सोमवारची मीटिंग होईपर्यंत झोप लागत नाही’ असं सांगितलं की काम लगेच सुरू होतं. चालू असलेली औषधं आणि दारू-तंबाखूही सांगा.

4. मधले दिवस

खरं काम दोन सेशनच्या मध्ये होतं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीत बहुधा वही देतात. चार रकाने आखा: प्रसंग, मनात आलेलं, भावना 0 ते 100, आणि काय केलं. उदाहरणार्थ: साहेबांनी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, ‘नोकरी जाणार’, भीती 80, रात्री तीनदा फोन पाहिला. त्याच दिवशी लिहा. सेशनच्या तासभर आधी आठवडाभराचं भरलं तर सगळे आकडे 50 च येतात. गृहपाठ झाला नाही तर सेशन रद्द करू नका. का झाला नाही, हाच त्या दिवसाचा विषय.

नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गुण 0 ते 27, आणि प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल. सुरुवातीला एकदा भरा आणि चार-पाच सेशननंतर पुन्हा. बरं वाटतंय की नाही याचा अंदाज आपला आपल्याला नीट येत नाही.

5. ऑनलाइन पुरेसं नसेल तेव्हा

जीव देण्याचा बेत मनात पक्का होत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, दारू सोडताना हातपाय थरथरत असतील तर व्हिडिओ कॉल पुरत नाही, रुग्णालय गाठा. मारहाण करणारा माणूस त्याच घरात असेल तर घरातून बोलू नका. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास मोफत चालते आणि मराठीतही बोलता येतं. तातडीच्या धोक्यात 112.

6. बदलायचं किंवा थांबायचं कसं

चार सेशननंतरही नेमकं कशावर काम चाललंय हे सांगता येत नसेल, तर विचारा. ‘लग्न कर, सगळं मार्गी लागेल’ असले सल्ले, दुसऱ्या क्लायंटचे किस्से किंवा वीस सेशनचे पैसे आगाऊ भरायचा आग्रह दिसला तर बदला. बरं वाटू लागल्यावर एकदम बंद करू नका; आठवड्याचं सेशन पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर न्या. आणि निघताना व्हॉट्सॲपवर गप्प होण्यापेक्षा एक शेवटचं सेशन घ्या, त्यात काय उपयोगी पडलं याचा पानभर सारांश लेखी मागा. पुढे कधी दुसऱ्याकडे जावं लागलं तर पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.