मॉलमध्ये गाळा घ्यायचाय? आधी सरकते जिने बघा

चौरस फुटांचा हिशोब नंतर. वर आल्यावर पुढचा वर जाणारा जिना पायाशीच सुरू होतो की मजल्याला वळसा घालून गाठावा लागतो, ते पाहा. पायाशीच असेल तर लोक तुमचा मजला न बघता वर निघून जातात. वळसा असेल तर त्या वाटेवरचे गाळे सोन्याचे. उलट्या अंगाचे तेवढे नाहीत, भाडं मात्र बहुधा सारखंच सांगतात.

मग लिफ्ट. तळघरातल्या पार्किंगमधून लिफ्ट थेट फूड कोर्ट आणि मल्टिप्लेक्सला जात असेल, तर सिनेमाची गर्दी तुमच्या दारावरून जाईलच असं नाही. शो सुटल्यावर बाहेर पडायचा रस्ता वेगळा आहे का, हेही विचारा.

बोळाच्या टोकाला मोठं दुकान आहे का? अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९५६ साली उघडलेल्या साउथडेल मॉलमध्येही दोन मोठी दुकानं एकाच छताखाली होती. ओढ तीच लावतात, मधले छोटे गाळे त्या येण्याजाण्यावर जगतात. टोकाचं मोठं दुकान उठलं की अख्खा बोळ ओस पडतो, म्हणून त्याचा करार कधी संपतो ते विचारून ठेवा. मधल्या जागेतले स्टॉल दीड मीटरपेक्षा उंच असतील तर पलीकडून तुमची पाटी दिसणार नाही. उद्या समोर स्टॉल लागणार नाही, हे करारात लिहून घ्या.

शेवटी बुधवारी दुपारी आणि शनिवारी संध्याकाळी सातला पंधरा-पंधरा मिनिटं दाराशी उभं राहून माणसं मोजा. जाणारी वेगळी, मान वळवणारी वेगळी.