स्पाउज व्हिसा करायचाय? मग लग्नाची तारीख काढण्याआधी हे बघा

मुलगी ब्रिटनमध्ये शिकायला गेलेली असते, तिकडचंच चांगलं स्थळ जमतं आणि इकडे कोल्हापुरात पहिला फोन भटजींना, दुसरा मंगल कार्यालयाला जातो. स्पाउज व्हिसाचं, म्हणजे नवराबायकोच्या नात्यावर तिथं राहायच्या परवानगीचं काय, तर म्हणे नंतर बघू. माझं म्हणणं उलट आहे. आधी एका कागदावर दोन तारखा लिहा: मुलीचा स्टुडंट व्हिसा कधी संपतो, आणि जावईबापूंना आत्ताच्या नोकरीत सहा महिने कधी पूर्ण होतात (पगाराच्या पुराव्याला ते लागतात). मुहूर्त या दोन तारखांकडे बघून काढायचा. (मुलगा शिकायला गेला असेल आणि सून तिकडची असेल, तरी हिशेब हाच.)

हे सगळं कोणासाठी, तर जोडीदार ब्रिटिश नागरिक आहे किंवा त्याच्याकडे आयएलआर, म्हणजे तिथं कायम राहण्याची परवानगी आहे, त्यांच्यासाठी. जोडीदार स्वतःच वर्क व्हिसावर असेल तर तो डिपेंडंटचा मार्ग. त्याचे नियम वेगळे, त्यात ही यादी मिसळू नका. स्टुडंट व्हिसावरून स्पाउज व्हिसावर तिथं राहूनच जाता येतं, परत यायची गरज नाही. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्याला मात्र हे जमत नाही. स्टुडंट व्हिसाही संपू देऊन मग हालचाल करू नये. अर्ज मुदतीच्या आत गेलाच पाहिजे. कोर्स संपत आला असेल आणि सहा महिन्यांचा हिशेब बसत नसेल, तर मध्ये ग्रॅज्युएट व्हिसा (कोर्स पूर्ण झाल्यावर तिथं राहून काम करण्याचा) घेऊन वेळ काढता येतो. तो आत्ता दोन वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना दीड वर्षाचाच मिळेल.

आता पैसे. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच. ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. त्याआधी ती १८,६०० होती. साधा मार्ग म्हणजे जोडीदाराच्या एकाच नोकरीतल्या सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, तोच पगार जमा झालेला दिसणारं बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र. स्लिपेवरचा आकडा आणि खात्यात आलेला आकडा जुळला पाहिजे. शेवटची स्लिप आणि स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांपेक्षा जुनी नकोत. मध्येच नोकरी बदलली तर हिशेब सहाऐवजी बारा महिन्यांवर जातो, म्हणून लग्नाच्या गडबडीत जावईबापूंनी राजीनामा दिला नाही तर बरं. मुलगी तिकडे परवानगीतल्या तासांत काम करत असेल तर तिचाही पगार धरता येतो.

"आमची चार एकर बागायत आहे, ऊसबिल येतं, ते दाखवू की" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. नाही चालत. वडिलांची जमीन ही वडिलांची, आणि सासऱ्यांनी मदत करू म्हणून स्टँप पेपरवर लिहून दिलं तरी नेहमीच्या नियमात त्याला किंमत नाही. उत्पन्नाऐवजी फक्त बचतीवर जायचं तर ८८,५०० पौंड लागतात आणि ते नवराबायकोच्या नावावर, त्यांच्याच ताब्यात सहा महिने पडून असावे लागतात. वडिलांनी बक्षीस म्हणून दिलेले पैसे चालतात, पण तेही सहा महिने आधी जमा झालेले. मोडता येणारी एफडी चालते.

लग्न कोल्हापुरात करायचं असेल तर नोंदणी त्याच मुक्कामात उरका. स्पेशल मॅरेज ॲक्टचा रस्ता सुट्टीवर आलेल्यांना अवघड जातो: दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबावं लागतं. त्यापेक्षा विधिवत लग्न लावून महापालिकेत, खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीत, १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली नोंद करणं सोपं. तीन साक्षीदार आणि भटजींची सही लागते, तेव्हा भटजींच्या आधारकार्डाची झेरॉक्स मांडवातच मागून घ्या, नंतर ते फोन उचलत नाहीत. नाताळच्या सुट्टीत पौष आला तर घरचे मुहूर्त नाही म्हणून अडून बसतात. तोही विचार आधीच करून ठेवा.

नावं अक्षरन् अक्षर तपासा. आपल्याकडे पासपोर्टवर बाळासाहेब, शाळेच्या दाखल्यावर बाळासो आणि आधारवर नुसतं बाळू असतो, आणि तेच मुलीच्या नावात मधे येऊन बसतं. प्रमाणपत्राचा मसुदा दाखवतील तेव्हा पासपोर्ट शेजारी धरून वाचा. प्रमाणपत्र फक्त मराठीत मिळालं तर भाषांतर लागेल. त्यावर ते अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही, आणि अर्ज चालू असताना तर त्या फंदात पडूच नये.

नातं खरं आहे हे दाखवायला हजार फोटो नकोत. साखरपुडा, लग्न, दोन्हीकडची माणसं असे थोडे, तारखेसह. खरं वजन असतं ते एकत्र राहण्याच्या कागदांना: भाडेकरार, कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी), वीजबिल, दोघांच्या नावे आलेली पत्रं. इंग्रजीसाठी ब्रिटनमधली पदवी हातात असेल तर वेगळी परीक्षा लागत नाही. शिवाजी विद्यापीठाची पदवी दाखवायची तर एक्टिसचं (परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं) पत्र लागतं, त्याला वेळ जातो.

एप्रिल २०२५ च्या दरानं अर्जाची फी १,३२१ पौंड आणि अडीच वर्षांचा आरोग्य अधिभार (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा) २,५८७.५०. भरताना सरकारी संकेतस्थळावरचा आकडा बघा, फी बहुधा एप्रिलात वाढते.

अर्ज गेला की निकाल येईपर्यंत ब्रिटन सोडायचं नाही. बाहेर पडलात की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं, त्यामुळे जोडीनं जोतिबाला जायचं ते अर्जाच्या आधी जाऊन या. अंबाबाईची ओटीही तेव्हाच. निकाल येईपर्यंत काम करायच्या अटी जुन्याच, स्टुडंट व्हिसावर असाल तर स्टुडंटच्या. सत्र चालू असताना आठवड्याचे वीस तास, हे विसरू नका.

व्हिसा तीस महिन्यांचा मिळतो आणि मुदतवाढीला हाच पसारा पुन्हा मांडावा लागतो, इंग्रजीची पातळी एक पायरी वर. पुढे आयएलआरसाठी लागणाऱ्या पाच वर्षांच्या मोजणीत स्टुडंट म्हणून काढलेली वर्षं धरत नाहीत. म्हणून बिलं फेकू नका, आणि भाडेकरारात अजून एकाचंच नाव असेल तर या आठवड्यात घरमालकाला गाठून दुसरं घालून घ्या.