मुंबईहून हेमकुंडला जाताय? बॅग भरायच्या आधी दिवस मोजा

जुलै-ऑगस्ट आला की मुंबईतून उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स म्हणजे फुलांची दरी आणि सरोवराकाठचा शिखांचा गुरुद्वारा हेमकुंड साहिब इथे जाणारे ग्रुप वाढतात आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच, जॅकेट कुठलं, बूट कुठले, बॅग किती लिटरची. ते सगळं सांगते, पण आधी मला सांगा सुट्टी किती टाकलीय? हाइक एका दिवसाचीच आहे, घांघरिया या खालच्या मुक्कामाच्या गावाहून पहाटे निघायचं, सहा किलोमीटर चढायचं, दर्शन, लंगर आणि संध्याकाळच्या आत परत खाली, वर मुक्कामाला परवानगीच नाही. पण ते सरोवर ४,००० मीटरच्याही वर आहे आणि आपण राहतो समुद्राला लागून. आपलं कळसूबाई महाराष्ट्रात सगळ्यात उंच, ते १,६४६ मीटर, आणि घांघरियात आपण नुसते झोपतो तेच जवळपास त्याच्या दुप्पट उंचीवर.

इथेच रेग्युलर ट्रेकर फसतात. दर वीकेंडला किल्ले करणाऱ्याला वाटतं आपल्याला काय होतंय, पण पाय मजबूत असणं वेगळं आणि शरीराला विरळ हवेची सवय होणं वेगळं. वर ऑक्सिजनचं प्रमाण तेच २१ टक्के असतं, हवेचा दाब मात्र कमी होतो, ४,००० मीटरवर एका श्वासात मुंबईच्या जेमतेम ६० टक्के ऑक्सिजन मिळतो आणि ही सवय व्हायला वेळच लागतो, जिम करून ती लवकर होत नाही. उलट फिट माणूस भराभर चढतो आणि त्यालाच जास्त त्रास होऊ शकतो.

म्हणून प्लॅन असा करा. विमानाने डेहराडून किंवा ट्रेनने हरिद्वार, रात्री ऋषिकेश. दुसरा दिवस गाडीत, मुक्काम जोशीमठ किंवा गोविंदघाट. तिसऱ्या दिवशी पुलन्यापर्यंत जीप आणि तिथून चालत घांघरिया. चौथ्या दिवशी फुलांची दरी, हेमकुंड पाचव्या दिवशी. हा क्रम उलटा करू नका प्लीज, "कठीण ते आधी उरकू" म्हणून बरेच जण करतात. दरीत जरा उंचावर फिरून परत खाली झोपायला आलं की शरीर तयार होतं. आणि परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा, पावसात बद्रीनाथ हायवेवर दरड कोसळली की तासन्‌तास, कधी दिवसभर रस्ता बंद असतो.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. बिल्डिंगचे जिने बेस्ट, पाठीवर पाच लिटर पाणी घेऊन, आणि उतरताना लिफ्ट नाही, कारण गुडघे उतरतानाच बोलतात. मध्ये एकदा कसारा लोकल पकडून बारी गावातून भर पावसात कळसूबाई करून या, तेच बूट, तीच बॅग, तोच रेनकोट घालून, म्हणजे कुठे पाणी शिरतं आणि कुठे चावतं ते इथेच कळेल. नवे बूट थेट हिमालयात काढायचे नाहीत.

आता कपडे. सह्याद्रीत आपण पावसात मुद्दाम भिजतो, चिंब होऊन धबधब्याखाली बसतो, हवा उबदार असते म्हणून चालतं. तिकडे ती सवय सोडा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्री उतरतं म्हणजे मुंबईत ३० असेल तेव्हा हेमकुंडला चारच्याही खाली, वर वारा, आणि अशात अंगावर ओला कॉटनचा टीशर्ट असेल तर थांबल्या थांबल्या दात वाजायला लागतात. जीन्स आणि कॉटन घरी ठेवा. अंगाला लागून लवकर सुकणारं ड्रायफिट, त्यावर उबदार फ्लीस, त्यावर चांगलं रेन जॅकेट आणि रेन पँट. पोंचो स्वस्त पडतो पण वाऱ्याने उडतो आणि पायरी दिसत नाही, मला तो चढावर पटत नाही. चालताना फ्लीस काढा, जरा थंडी वाजत असतानाच चालायला लागा, थांबलात की लगेच घाला.

बॅग २० ते २५ लिटरची पुरे. रेन कव्हरवर भरवसा नको, पाठीकडून पाणी शिरतंच, त्यामुळे आत आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी लावा आणि सामान त्यात. तळाला कोरडा टीशर्ट आणि दोन जोड मोजे वेगळ्या झिपलॉकमध्ये. दुसरा जोड कशाला विचाराल तर वर गुरुद्वाऱ्यात बूट काढावे लागतात, दगड ओले आणि बर्फासारखे गार, बाहेर आल्यावर पाय पुसून कोरडे मोजे घालायला मिळाले की जीवात जीव येतो. डोकं झाकायला रुमाल तिथेही लागतो आणि उन्हातही. ऊन दिसत नसलं तरी सनस्क्रीन आणि गॉगल घ्याच, दर हजार मीटरला अल्ट्राव्हायोलेट साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. मधल्या भागात फ्लीस, सगळ्यात वर रेन जॅकेट, कारण पाऊस सांगून येत नाही.

खाऊ बॅगेत नको, कमरेच्या पाउचमध्ये किंवा खिशात, नाहीतर बॅग उतरवायचा कंटाळा करून खाल्लंच जात नाही. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे, अर्ध्या तासाने थोडं थोडं. उंचीवर भूक मरते म्हणून आवडीचंच न्या. पाणी दोन लिटर, एका लिटरमध्ये इलेक्ट्रॉलचं मोठं पाकीट पूर्ण, अर्ध्या बाटलीत आख्खं ओतू नका. मोबाईल थंडीत पटकन उतरतो, आतल्या खिशात ठेवा. पॉवरबँक विमानात हँडबॅगेतच लागते, चेक-इनमध्ये चालत नाही, ट्रेकिंगच्या काठ्या मात्र चेक-इनमध्ये टाका. कॅश जवळ ठेवा आणि उत्तराखंडचं यात्रा रजिस्ट्रेशन घरूनच करून त्याची प्रिंट घ्या.

औषधांबद्दल, डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायला घेतात ती गोळी, हवी असेल तर मुंबईतच डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर ती हाइट, म्हणजे उंचीचा त्रास, असं धरूनच चाला, तिथेच थांबा आणि गोळीने डोकेदुखी दाबून वर जाऊ नका. कमी होत नसेल तर खाली. आणि बसल्या जागी धाप लागतेय, खोकला येतोय, चालताना तोल जातोय किंवा माणूस असंबद्ध बोलतोय तर चर्चा नको, अंधार असला तरी त्याला खाली न्या, एकट्याला पाठवू नका. आई-बाबांना खेचरावरून नेणार असाल तर अजून लक्ष ठेवा, दम लागत नाही पण उंची तेवढीच आणि जास्त वेगाने वाढते, शिवाय बसून अंग गार पडतं, त्यांना तुमच्यापेक्षा एक लेयर जास्त घाला.

हेमकुंडच्या दिवशी पाच-साडेपाचला बाहेर पडा. बोलता येईल इतक्याच स्पीडने चढा, वाक्य तुटायला लागलं की स्पीड कमी. दुपारी दोनच्या आत वरून निघायचं, कितीही जवळ पोचलेले असलात तरी ही वेळ ग्रुपमध्ये आदल्या रात्रीच ठरवून टाका. वर लंगरमध्ये गरम चहा आणि खिचडी मिळते, ती खाऊन निघा. उतरायच्या आधी लेस सोडून घोट्याशी घट्ट बांधा म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत, नखं त्यासाठी दोन-तीन दिवस आधीच कापलेली असावीत. वरच्या टप्प्यात पायऱ्यांचा शॉर्टकट आहे, उतरताना तो टाळा, पावसात निसरड्या होतात, वळणाच्या रस्त्यानेच या, अर्धा-पाऊण तास जास्त लागला तरी चालेल.