गावी परतायचं, पण कामाला

सुट्टीला गावी जाणं वेगळं आणि हंगामाला जाणं वेगळं. मी गाव सोडलं १८व्या वर्षी आणि परतले ३९व्या वर्षी, तेही फळतोडणीच्या कामावर, तीन महिन्यांसाठी. जवळचं शहर बसने चार तास, आणि बस दिवसाला एकच. पहिल्या हंगामात केलेल्या चुका दुसऱ्यात थोड्या कमी केल्या. आता तिसरा संपला आहे.

कामाची चौकशी घरच्यांकडे करू नका. ते म्हणतात, "ये तर खरी, बघू." या 'बघू'वर तिकीट काढू नये. मागच्या हंगामात तिथे राबलेलं, नात्यात नसलेलं एखादं माणूस गाठा. मजुरी दिवसावर की पेटीवर? पेटी किती किलोची? डाग पडलेली फळं कुणाच्या खाती? पावसाने काम बंद पडलं तर त्या दिवसाचं काय? पैसे आठवड्याला की शेवटी एकदम? परक्या ठिकाणी आपण हे सगळं बेधडक विचारतो. ओळखीत लाज आडवी येते. मला पहिल्या वर्षी "आपलंच काम आहे" असं ऐकवलं गेलं आणि मी आकडाच विचारला नाही. शेवटी शेजारच्या ओळीत तोडणाऱ्या मुलीपेक्षा कमी पैसे हातात पडले. भांडणार कुणाशी? लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून गावभर फिरले त्यांच्याशी?

आता मी निघण्याआधी ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवते, खाली "बरोबर ना?" आणि 'हो' आल्याशिवाय बॅग भरत नाही. शिवाय छोटी वही ठेवते. रोज अंधार पडायच्या आत तारीख, तास, पेट्या. हिशेबाच्या दिवशी वही नुसती मांडीवर ठेवली तरी बोलण्याचा सूर बदलतो.

राहायचं शक्यतो वेगळं. नातेवाइकांकडे राहिलात तर पहाटे मजूर आणि रात्री पाहुणी, अशा दोन पाळ्या कराव्या लागतात. बंद पडलेलं जुनं घर असेल तर उत्तम, पण पोचल्या पोचल्या झाडू हातात घेऊ नका. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर बसा. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर त्या कोरड्या झाडायच्या नाहीत, कारण उडालेल्या धुळीतून हंटाव्हायरससारखे आजार लागू शकतात. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग असं मिश्रण त्यावर ओता, पाच मिनिटं मुरू द्या, मग हातमोजे घालून पुसा. मी पहिल्या वर्षी आजीचं घर म्हणून भावुक होऊन सरळ झाडायला लागले होते. काही झालं नाही, हे नशीब. नळाचं साचलेलं पाणी आधी भरपूर वाहू द्या. पिण्याचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळा. गाव समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर असेल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं.

आता उन्हाबद्दल, कारण इथेच गावचा माणूस फसतो. "माझं सगळं लहानपण या उन्हात गेलंय" हे वाक्य मी पहिल्या सकाळी मोठ्या तोऱ्यात म्हटलं आणि दुपारी झाडाखाली आडवी झाले. उन्हाची सवय शरीर साठवून ठेवत नाही. आठवडाभर लांब राहिलं तरी ती ओसरायला लागते, तिथे २१ वर्षांचं काय! कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या अमेरिकी संस्थेचा साधा नियम आहे. नवख्याने पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या कामाच्या २० टक्केच वेळ काढायचा आणि रोज फार तर २० टक्के वाढवायचा. अनुभवी माणसासाठी ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. तुम्ही स्वतःला नवख्यांत धरा. पहिल्या आठवड्यात पेटीवर मजुरी असेल तर कमाई कमी होईल, तेवढे पैसे खिशात घेऊनच या. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर शहरातच घ्या. रोजच्या गोळ्या हंगामाला पुरून दोन आठवडे उरतील इतक्या आणा. बूट नवे नकोत, महिनाभर पायात घातलेले हवेत.

वाटांच्या बाबतीत स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवू नका. मी ओढ्याकाठच्या पायवाटेने निघाले आणि ती काटेरी झुडपांत संपली. ती वाट आम्ही शाळेत जात होतो म्हणून होती. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं. रेंज नसेल तिथे फोन सतत टॉवर शोधत बॅटरी संपवतो, म्हणून तो विमान मोडवर टाका. महत्त्वाचे नंबर कागदावर.

माणसांचं मात्र उतरवून घेता येत नाही. "कायमची आलीस का?" हा प्रश्न रोज येणार, त्याला एकच छोटं उत्तर ठरवा. माझं असतं, "पेट्या संपेपर्यंत." गेल्या वर्षी आमचा मुकादम शाळेत माझ्या दोन वर्गं मागे होता. पहिल्या दिवशी मी सवयीने "अरे" म्हटलं आणि सगळी ओळ थांबून बघायला लागली. मग बागेत 'तुम्ही' आणि संध्याकाळी ओट्यावर 'अरे' अशी वाटणी झाली. पाचव्या दिवशी शिडीवर मी दोन्ही हात सोडून फांदी ओढत होते, तेव्हा त्यानेच खालून आवाज दिला. दोन पाय आणि एक हात, तीन ठिकाणी टेकू हवा, हे मला बागेत कुणी आधी सांगितलंच नव्हतं. गावची आहे, येत असेलच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका: मला यातलं काही येत नाही, दाखवा.

निघायच्या दोन दिवस आधी हिशेब मागा, बसच्या सकाळी नाही.