थर्माकोल फसला, संत्र्याने तारलं

पुण्यातल्या रामनदीच्या पाणलोटावर पीएचडी करणाऱ्या एका ताईंना मी सप्टेंबरभर मदत करत होते. बावधनकडून येणारा प्रवाह पाषाण तलावाच्या वरच्या अंगाला मोजायचा. पाण्याचा वेग मोजणारा करंट मीटर दुरुस्तीला गेलेला, म्हणून तरंगती वस्तू सोडून वेग काढायचा ठरलं.

पहिल्या दिवशी मी थर्माकोलचा गोळा सोडला. १० मीटर १८ सेकंदांत! मधली खोली ४५ सेंटिमीटर, रुंदी ४ मीटर. गुणाकार केला तर सेकंदाला १,००० लिटर. ताई म्हणाल्या, "अगं, एवढं पाणी असतं तर तू इथे उभी राहिली असतीस का?"

खरंच, पाणी गुडघ्याच्याही खाली होतं.

थर्माकोल पाण्यावर नुसता टेकतो, त्यामुळे पाठीमागचा वारा त्याला पळवत होता. संत्रं बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्याला फारसं सापडत नाही. मंडईतून अर्धा किलो आणली (दोन आम्हीच खाल्ली). डावीकडून, मधून, उजवीकडून पाच-पाच वेळा सोडली. सरासरी २५ सेकंद. बांबूवर खुणा करून दर अर्ध्या मीटरला खोली घेतली, तर सरासरी भरली फक्त ३० सेंटिमीटर. शिवाय तळाशी पाणी संथ असतं, म्हणून पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ने गुणायचं, तेही मी विसरले होते.

नवा आकडा: सुमारे ४०८ लिटर. आठवड्याने मीटर आला, तोवर वहीतली आधीची चार पानं खोडून झाली होती.